माणगंगेच्या उगमाला: सीतामाईच्या डोंगरावर ओढ्यानं चढून (एका दिवसाची भटकंती)

ओढ्याकाठचा

सातारा जिल्ह्यात नदीचा उगम बघायचा म्हटलं की गाडी आपोआप महाबळेश्वरकडं वळते. पंचगंगेच्या देवळात गोमुखाखाली हात धरायचा, स्ट्रॉबेरी क्रीम खायचं आणि संध्याकाळी पसरणी घाट उतरून घरी. माझी त्याला हरकत नाही. पण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, तिथंही एक नदी उगम पावते आणि म्हसवड, सांगोला करत थेट भीमेला जाऊन मिळते, हे साताऱ्यातल्याच कितीतरी लोकांच्या गावी नसतं. ती माणगंगा. परवाच्या रविवारी तिच्या उगमाला जाऊन आलो, त्याचा हा वृत्तांत.

जायचा रस्ता सोपा आहे. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, मग मलवडीवरून कुळकजाई. वर्धनगडाचा घाट ओलांडला की मुलूखच बदलतो. उसाची हिरवाई मागं राहते आणि ज्वारी, बाभळी, मेंढरांचे कळप सुरू होतात. पुसेगावात चहा-भजी उरकून घ्या, पुढं खाण्याची फार आशा ठेवू नका.

कुळकजाईच्या मागं महादेव डोंगररांगेतला सीतामाईचा डोंगर उभा आहे. माण आणि बाण अशा दोन्ही नद्या याच डोंगराच्या. लक्ष्मणानं सीतेला इथं आणून सोडलं, तिला तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढलं आणि ती बाणगंगा झाली, अशी गोष्ट सांगतात. मला मात्र गोष्टीपेक्षा पुढचा भूगोल जास्त भारी वाटतो. बाणगंगा उत्तरेला उतरून फलटणवरून नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत पडते, म्हणजे पंढरपूरच्या वरच्या अंगाला. माणगंगा आग्नेयेला दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पुढं आटपाडी तालुका आणि सांगोला करत सरकोलीला भीमेत शिरते, पंढरपूरच्या खालच्या अंगाला. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी विठोबाचं दर्शन घेऊन जातं आणि निम्मं दर्शन चुकवून पुढं भेटतं!

देवळापर्यंत गाडीनं जाणारे जातात. आम्ही ओढा धरला. ऑक्टोबर संपत आला होता, परतीचा पाऊस बरा झाला होता, त्यामुळं गावाजवळ ओढ्याला घोट्याएवढं वाहतं पाणी होतं. अर्धा तास चढलो आणि पाणी गायब! नुसते गोटे आणि वाळू. वाटलं, संपला ओढा. आणखी वर एक नालाबांध लागला, त्याच्या पोटात पाणी साठलेलं होतं आणि बांधाच्या पायथ्याशी वाळू ओली. त्याच्या वर परत कोरडं. मग एका वळणावर कातळाची पायरी लागली. तिच्या खालच्या भेगेतून पाणी पाझरत होतं, धार म्हणावी एवढंही नाही. भेगेच्या कडेनं शेवाळ, खाली खेकड्याची बिळं आणि दगडावर ओळीनं बसून पाणी पिणाऱ्या मधमाश्या. माणसाची चाहूल लागूनही त्या हलल्या नाहीत.

तिथं एक मेंढपाळ मामा भेटले. त्यांनी भेगेचं पाणी प्यायलं नाही. दहा पावलं खाली आले, वाळूत हातानं झिरा उकरला, कोपरभर खोल. पहिलं पाणी गढूळ आलं ते ओंजळीनं उपसून टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्यांदाचं काचेसारखं निवळ आलं तेव्हा तोंड लावलं. "वरल्या पाण्यात मेंढरं तोंड घालत्यात, वाळूतलं गाळून येतं," एवढंच म्हणाले.

भेगेच्या वर ओढ्याचे तीन फाटे फुटतात. एकातही पाणी नव्हतं, पण तिन्हींतलं गवत आजूबाजूच्या कुसळीपेक्षा हिरवं होतं. माथ्यावर पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. देवळात टेकलो, भाकरी सोडली, दोन्हीकडची खोरी बघितली. उतरताना पायवाटेनं आलो.

माझं म्हणणं एवढंच, की उगम बघायला जाणाऱ्यानं एकदा तरी ओढ्यानं चढावं. देवळाजवळ उगमाची खूण आहे, पण नदी सुरू होताना दिसते ती त्या मधल्या पट्ट्यात. दिसते, बुडते, परत वर येते.

घाटमाथा

झकास लिहिलंय. फेब्रुवारीत गेलं तर चालेल का? दिवाळीनंतर सुट्टी नाही आता.

ओढ्याकाठचा

चालायला जाल, पण ओढा कोरडा ठक्क मिळेल. सावली नाही, बाभूळ आणि हिवर सोडलं तर झाड नाही. माणसी तीन लिटर पाणी घरून न्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. खरा मोसम सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड मोजे. कुसळं मोज्यात घुसली की दिवसभर टोचत राहतात.

शंकासुर

लेख चांगला, पण निष्कर्ष गुळमुळीत आहे. उगम "पट्ट्यात" असतो म्हणजे काय? उगम हा बिंदू असतो. नकाशावर सगळ्यात लांब फाटा घ्या, तो जिथं संपतो तो उगम. नाहीतर बारमाही पाणी जिथं पहिल्यांदा दिसतं तो घ्या. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा. हे म्हणजे क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखाला हसायचं आणि स्वतः त्याहून धूसर व्याख्या करायची.

ओढ्याकाठचा

गोमुखाला हसलो नाही हो, फक्त क्रीमला हसलो. 🙂 बारमाहीची अट लावली तर माणगंगेला उगमच उरणार नाही, कारण उन्हाळ्यात डोंगरात कुठंच वाहतं पाणी नसतं. लांबीची अट लावली तर त्या तीन फाट्यांपैकी जो दहा पावलं लांब तो उगम, पण त्यात तर थेंब नव्हता.

विहिरीचं_गणित

मी भूजलाच्या कामात आहे, म्हणून थोडं बोलतो. दोघांचंही बरोबर आहे, पण प्रश्न ओढ्यात शोधताय, उत्तर कातळात आहे.

आपला सगळा दख्खन म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या पोकळ्यांमुळं सच्छिद्र झालेला असतो, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या खाली घट्ट काळा कातळ. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल, गेरूसारखा, भाजलेल्या मातीचा पट्टा असतो, तो पाण्याला सहसा वाट देत नाही. पाऊस मांजऱ्यातून आणि भेगांतून खाली उतरतो, घट्ट थरावर अडतो, आडवा सरकायला लागतो आणि डोंगराच्या अंगावर तो थर जिथं उघडा पडलाय तिथं पाझरतो. धागाकर्त्याला लागलेली "कातळाची पायरी" हीच असणार. पुढच्या वेळी ओढा सोडून त्याच उंचीवर डोंगराला आडवं चालून बघा. बाकीच्या घळींतही जवळपास त्याच पातळीला ओल सापडेल. एखादं उंबराचं झाड दिसलं तर तिथं हमखास.

म्हणून शंकासुरांना बिंदू मिळणार नाही. पाऊस जास्त झाला की डोंगरातली पाण्याची पातळी चढते आणि वरचे झरे सुटतात. कमी झाला की वरचे मिटतात आणि ओढा खालच्या थरापासून सुरू होतो. ऑगस्टमधला उगम आणि डिसेंबरमधला उगम यांत चांगलं अंतर पडतं.

महाबळेश्वरचं वेगळं आहे. तिथं माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे, भोकाभोकांचा. साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस तो पोटात घेतो आणि खालच्या बेसाल्टच्या, म्हणजे त्या काळ्या कातळाच्या, सांध्यावर सावकाश सोडतो. त्यामुळं तिथल्या झऱ्यांना उन्हाळ्यातही पाणी असतं. माणच्या डोंगरांवर जांभा नाही, माती वीतभर आणि पाऊस त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. तिथं ऑक्टोबरअखेर पाझर दिसला हीच मोठी गोष्ट.

शंकासुर

हे पटलं. म्हणजे बिंदू आहे, पण तो सरकतो. "सरकता बिंदू" म्हणा, पट्टा म्हणू नका.

ओढ्याकाठचा

सरकता बिंदू वर्षभर जिथं जिथं फिरतो त्याला मी पट्टा म्हणतो. चला, मिटलं.

डोंगराखालचा

मी त्याच भागातला. तुम्ही सगळी शिकल्याली माणसं, मस्त लिवताय. पर एक गोष्ट ऱ्हायली. त्या ओढ्याला ऑक्टोबरात पाणी दिसलं ते निस्तं कातळामुळं न्हाय. डोंगरावर चर खोदल्यात ते दिसलं का न्हाय तुमाला? गवतात झाकल्यात. लोकांनी उन्हाळ्यात पहाटं उठून, टिकाव-खोरी घिऊन खोदल्यात. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपला, म्हंजी गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेला, २०१८ साली राज्यात पयला नंबर आमच्या माणातल्या टाकेवाडीचा, आंधळीजवळच्या, आन दुसऱ्या नंबरात भांडवली. त्या सालात माणात गावोगाव हेच चाललं हुतं. आदी पाऊस पडला की ओढा दोन तासांत लोंढा घिऊन जायचा आन दुसऱ्या दिवशी कोरडा. आता तेच पाणी चरात थांबतंय, मुरतंय, मग खाली येतंय. डोंगर म्हंजी पाझरता रांजण हाय, भरल्याबिगार पाझरायचा न्हाय.

पर हेबी सांगतो, चर म्हंजी जादू न्हाय. त्याच सालात पाऊस दगा दिऊन गेला आन १९ च्या उन्हाळ्यात म्हसवडला जनावरांच्या छावण्या लागल्या. पडलाच न्हाय तर मुरणार काय?

ट्रेकवाल्यांना इनंती हाय. चरावरनं उड्या मारत जाऊ नका, कडा ढासळत्यात. घळीत दगडी बांध घातल्यात, त्यातलं दगड काढून चुली मांडत्यात काही जण. आन दिवाळीनंतर गवत वाळलं की इडीकाडी वर अजाबात नको. एक ठिणगी पडली तर जनावरांचा वर्साचा चारा जातोय.

ओढ्याकाठचा

चर दिसले होते, लिहायचे राहिले. माथ्याकडं चढताना एकाच पातळीला ओळीनं खड्डे लागतात, त्यांत गवत जोमानं आलंय. बांधाचे दगड काढून मांडलेली चूलही दिसली, कोळशासकट. बाजूला वेफर्सची पाकिटं.

घाटमाथा

अशा लोकांना भेगेतल्या खेकड्यांच्या हवाली करावं.

खटावची_सून

पुरुष मंडळींनी कातळ, चर, बिंदू सगळं काढलं, पण सीतामाईला खरी गर्दी कधी असते ते कुणीच लिहिलं नाही. संक्रांतीला! त्या दिवशी माण, खटाव, फलटणकडच्या बायका डोंगरावर ववसायला, म्हणजे सौभाग्याचं वाण द्यायला-घ्यायला, जातात. लग्न झाल्यावर पहिल्या संक्रांतीला सासूबाई मला घेऊन गेल्या होत्या. सुगडं, त्यांत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजर, गव्हाची ओंबी, तिळगूळ; आणि अंगावर नवी काठापदराची साडी. त्या साडीत डोंगर चढून बघा एकदा, मग ट्रेकिंग शूजच्या चर्चा करा. वर पाय ठेवायला जागा नसते. सीतेला ववसून झालं की बायका एकमेकींना ववसतात. ओळख-पाळख नसलेली बाई पुढं येते, हळदीकुंकू लावते, तुमच्या पदरात बोरं टाकते आणि गर्दीत दिसेनाशी होते.

सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी बैलगाडीनं आदल्या रात्री निघायचे, पायथ्याला मुक्काम करायचे. सीतेला जिथं एकटं सोडलं तिथंच बायका सौभाग्याचं वाण घ्यायला का जातात, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, "तिला एकटं वाटू नये म्हणून."

विहिरीचं_गणित

हे वाचून माझी पोस्ट काढून टाकावीशी वाटतेय.

खटावची_सून

राहू द्या, उंबराचं उपयोगी आहे. आमच्या विहिरीलाही पाणी उंबराच्या अंगानंच लागलं.

आटपाडीचा_भाचा

धागा वाचून मजा वाटली, कारण आम्ही त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, सांगली जिल्ह्यात. लहानपणी माणगंगा म्हणजे आमच्यासाठी वाळूचं पात्र. क्रिकेट खेळायचो त्यात. पूर आला की शाळेला सुट्टी आणि सगळा गाव बघायला काठावर. तुमच्याकडचा पाऊस आमच्यापर्यंत यायच्या आधी वाटेत राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव पाणी अडवून बसलेला. तो भरून सांडला तरच आमचं नशीब.

आता चित्र वेगळं आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलतात, टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडीपर्यंत आणतात. ते ओढ्यानाल्यांतून माणगंगेतही येतं. म्हणजे आकाशात ढग नसताना एप्रिलमध्ये नदी वाहते. आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. डाळिंब तर आधीपासून होतंच, आता ऊसही दिसायला लागलाय, त्यावर बोलायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

डोंगराखालचा

आमच्याकडंबी आलंय की. जिहे-कठापूर योजनेचं पाणी. कृष्णेतनं उचलून खटावातल्या नेर तलावात, तिथनं पुढं आंधळीच्या धरणात. आंधळीचं धरण माणगंगेवरच हाय. पाणी आलं त्या दिवशी म्हातारी माणसं बगाय गेल्ती.

शंकासुर

थांबा, थांबा. म्हणजे आंधळीच्या खाली माणगंगेत जे पाणी आहे त्यातलं काही कृष्णेचं. आटपाडीत तर उन्हाळ्यात बहुतेक कृष्णेचंच. मग उगम सीतामाईला कसला? माणगंगेचा उगम कृष्णेवरच्या पंपहाउसात! आणि कृष्णेचा उगम महाबळेश्वरला. म्हणजे फिरून स्ट्रॉबेरी क्रीमपाशीच आलो.

आटपाडीचा_भाचा

अजून पुढं जा. कराडजवळ कृष्णेतून काढलेलं पाणी माणगंगेतून भीमेत जातं आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेलाच मिळते. तेवढा मोठा वळसा घालून पाणी परत घरी. अर्थात वाटेत उसानं आणि डाळिंबानं शिल्लक ठेवलं तर.

विहिरीचं_गणित

गंमत म्हणून ठीक आहे, पण एक फरक लक्षात घ्या. उपसा योजनेचं पाणी वीजबिल भरलं तोवर येतं. मोटर बंद, नदी बंद. डोंगरातला पाझर बारीक असेल, पण त्याला मीटर नाही. आणि योजनेचं पाणी धरणाच्या खालच्या गावांना मिळतं, धरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत जी वाड्या-वस्ती आहे ती अजून त्याच भेगेवर आणि चरांवर अवलंबून आहे.

डोंगराखालचा

ह्ये लाखातलं बोलला. कृष्णामाई आंधळीला आली, आमाला खालीच वाकून बघाय लागतंय तिच्याकडं.

ओढ्याकाठचा

म्हणूनच मला ओढ्याचा वरचा भाग महत्त्वाचा वाटतो. धरणाखालच्या नदीची मोजदाद ठेवायला पाटबंधारे खातं आहे. वरच्या ओढ्यात कुठल्या महिन्यात पाणी कुठवर होतं हे कोण लिहून ठेवतं? मेंढपाळांच्या डोक्यात असतं, तेवढंच. जाणाऱ्यांनी तारीख टाकून एक फोटो काढला आणि इथं टाकला तरी चार-पाच वर्षांत शंकासुरांचा सरकता बिंदू नकाशावर मांडता येईल. अट एकच, पाणी जिथं पहिल्यांदा दिसलं तिथलाच फोटो, देवळासमोरची सेल्फी नको.

विहिरीचं_गणित

फोटोबरोबर मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश टाका. उंचीचा आकडा मात्र मोबाइल चुकीचा दाखवतो, त्यावर जाऊ नका. शेजारी एखादी ओळखीची खूण येऊ द्या, कातळ, झाड, बांध काहीही.

किल्लेदार_पण_साधा

उगमाच्या भानगडीत मी पडत नाही, पण कुणी जाणारच असेल तर दिवस अर्धा मोकळा राहतो. त्याच डोंगररांगेत वारुगड आहे, तटाच्या आत गाव नांदतंय, भैरवनाथाचं देऊळ बघण्यासारखं. फलटणच्या बाजूनं उतरणार असाल तर ताथवड्याचा संतोषगड. परत सातारला जाणार असाल तर वाटेत महिमानगड, त्याला फार चढ नाही. तिन्ही एका दिवसात कोंबू नका, पळापळ होते आणि काहीच बघून होत नाही.

घाटमाथा

ठरलं मग. फेब्रुवारी रद्द, येत्या रविवारी जातो. एसटीनं जमेल का? आणि शंकासुर, तुम्ही येताय का? नुसती टायपिंग नको.

ओढ्याकाठचा

साताऱ्याहून दहिवडीला गाड्या आहेत, पुढचं दहिवडी स्टँडवर विचारा. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा. स्वतःची दुचाकी सगळ्यात बरी.

शंकासुर

येतो. पण मी गाडीनं देवळापर्यंत जाणार आणि तिथून खाली उतरत येणार. तुम्ही ओढ्यानं खालून चढत या. पाणी आधी कुणाला दिसतं बघू. मला दिसलं तर उगम बिंदू, तुम्हाला दिसलं तर पट्टा.

डोंगराखालचा

कुटनंबी या, पर उनं तापायच्या आत या. आन येताना त्या चुलीचं दगड परत बांधावर ठिवा.